मोठी फ्रेम स्टेम बदलून लहान होत नाही

‘उंची ५ फूट ३ इंचांपेक्षा कमी असेल तर रोडबाईकच्या भानगडीत पडू नका. घ्यायचीच असेल तर ५२ ची फ्रेम घ्या, सीट खाली करा, छोटा स्टेम लावा, काम झालं.’ या सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज सध्या सायकलवाल्यांच्या ग्रुपांमधून फिरतोय. (५२ म्हणजे फ्रेमची साइज, सेंमीमध्ये; स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा पुढचा आखूड दांडा.) सोबत उंचीवरून साइज सांगणारा तक्ता आहे, आणि खाली ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’. माझ्या धाकट्या जावेपर्यंत तो पोहोचला. तिची उंची १५५ सेंमी. मेसेज वाचून ती ५२ च्या फ्रेमसाठी दुकानात आगाऊ रक्कम भरायला निघाली होती. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिलं वाक्य आधी निकालात काढू. बुटक्या माणसाने रोडबाईक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची वेगवान सायकल, चालवू नये म्हणे. १९४७ ची टूर द फ्रान्स जिंकणारा जाँ रोबिक १६१ सेंमी उंच होता. २००८ च्या टूरमध्ये एक टप्पा जिंकणारा सॅम्युएल द्युमूलँ १५९ सेंमी. यावर आणखी शब्द खर्च करायची गरज नाही. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी बायकांची उंची पाच फुटांच्या आसपास असते. या सगळ्यांना एका वाक्यात बाद करण्याचा अधिकार या मेसेजवाल्याला कोणी दिला?

आता सर्वांत घातक कलम: ‘फ्रेम थोडी मोठी आली तर बिघडत नाही, वाढत्या अंगाचा शर्ट घेतो तसंच.’

बिघडतं. फ्रेमची खरी मापं दोन. पेडलांचा दांडा ज्यातून जातो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. सीट किती खाली घेतली याचा या दोन्हींशी काहीही संबंध नाही. सीट खाली केल्याने तुमचे पाय पेडलपर्यंत पोहोचतील. हात, खांदे आणि पाठ यांचा प्रश्न जिथे होता तिथेच राहील.

‘मग स्टेम छोटा लावू.’ हिशोब करून बघा. समजा, एका कंपनीच्या लहान फ्रेमचा रीच ३६५ मिमी आणि स्टॅक ५१० आहे, ५२ च्या फ्रेमचा रीच ३८० आणि स्टॅक ५४०. कागदावर लांबीत फक्त १५ मिमीचा फरक दिसतो आणि दुकानदार तेवढाच दाखवतो. पण हेडट्यूब मागे झुकलेली असते. लहान फ्रेमवर स्टेमखाली स्पेसर (कड्या) घालून हँडल ३० मिमी वर घेतलं तर ते सुमारे १० मिमी मागेही येतं. म्हणजे हँडल एकाच उंचीवर ठेवून तुलना केली तर मोठी फ्रेम १५ नाही, २५ मिमी लांब निघते. १०० चा स्टेम काढून ७५ चा लावावा लागेल, तेव्हा कुठे बरोबरी. स्टेम इतका आखूड झाला की हँडल हलकं होतं, जरासा धक्का लागला तरी पुढचं चाक वळतं. आणि हँडल जास्तच उंच वाटलं तर? स्पेसर काढून संपले की पुढे खाली नेता येत नाही. लहान फ्रेमवर हँडल वर घेता येतं. मोठ्या फ्रेमवर ते फ्रेमच्या खाली नेता येत नाही.

त्यावरचा मेसेजमधला उपाय तर कहर आहे: ‘तरी हात पुरत नसतील तर सीट पुढे सरकवा.’ सीटची पुढची-मागची जागा पेडलच्या हिशोबाने ठरते, हँडलच्या नाही. हात पुरावेत म्हणून सीट पुढे ओढली की गुडघा पेडलच्या फार पुढे जातो आणि शरीराचं वजन तळहातांवर येतं. मग करंगळीला मुंग्या, मान आखडणं, खांदे दुखणं. नवीन चालवणारी बाई समजते की आपलंच अंग कमकुवत, महिन्याभरात सायकल गॅलरीत जाते. चांगल्या चालवणाऱ्या बायका अशा कारणाने सायकल सोडताना बघितल्या आहेत, म्हणून चिडतेय.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. लांब फ्रेमवर कोपर ताठ राहतात आणि ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागात, हात घातला की बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत नीट जात नाहीत. सपाट रस्त्यावर हे निभावतं. सिंहगड किंवा दिवेघाट उतरताना निभावत नाही. फ्रेम बरोबर असेल तर उरलेला फरक सोप्या गोष्टींनी भरतो: बहुतेक लिव्हरमध्ये ते हँडलच्या जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो, ३६ किंवा ३८ सेंमी रुंदीचं, कमी पुढे जाणारं हँडल मिळतं. या मेसेजमध्ये त्या स्क्रूचा उल्लेखही नाही.

‘टॉप ट्यूबवर उभं राहून दोन बोटं अंतर राहिलं की साइज बरोबर.’ म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतची वरची नळी दोन पायांमध्ये घेऊन उभं राहायचं. ही परीक्षा आडव्या, सरळ टॉप ट्यूबच्या जमान्यातली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी टीसीआर ही रोडबाईक केली, तिची टॉप ट्यूब मागे उतरती होती. पुढे जवळपास सगळ्यांनी तेच उचललं. उतरत्या ट्यूबवर कितीतरी लांब फ्रेमसुद्धा दोन बोटांची परीक्षा पास होते. या परीक्षेत नापास झालेली फ्रेम घेऊ नका, एवढंच तिचं काम. पास झाली म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

उंचीच्या तक्त्याचंही तेच. १५५ सेंमीच्या दोघींपैकी एकीचे पाय लांब असतात, दुसरीचं धड. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटपासून सीटच्या माथ्यापर्यंतची साधारण उंची येते. टूर जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. माझ्या जावेचं माप ७१ आलं, म्हणजे सीट ६२.७ सेंमीच्या आसपास. ही सुरुवात, शेवटचा शब्द नव्हे.

‘बायकांनी लेडीज फ्रेमच घ्यावी’ हे जुनं झालं. स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने २०१२ मध्ये रेटुल ही फिटिंगची, म्हणजे अंगाच्या मापाने सायकल जुळवण्याची, कंपनी विकत घेतली. तिच्याकडच्या हजारो मापांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की बायका आणि पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षा माणसामाणसातला फरक मोठा आहे. मग बायकांसाठी वेगळ्या भूमितीच्या फ्रेम करणं त्यांनीच सोडलं. सीट मात्र स्वतःची निवडा.

‘छोट्या क्रँकने ताकद वाया जाते.’ क्रँक म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा. याला मापून दिलेलं उत्तर आहे. २००१ मध्ये जिम मार्टिन आणि वनीन स्पर्डूसो यांनी १२० ते २२० मिमी लांबीच्या पाच क्रँकवर सायकलपटूंची कमाल ताकद मोजली. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लांबीत फरक निघाला सुमारे ४ टक्के. लक्षात घ्या, तिथे दोन टोकांमध्ये १०० मिमीचं अंतर होतं. आपण भांडतोय १७० की १६५, म्हणजे ५ मिमीवर. टूर जिंकणारा, १७६ सेंमी उंचीचा पोगाचार १६५ ची क्रँक वापरतो. आखूड पायांना १७० ची क्रँक दिली की पेडल वर येताना गुडघा छातीकडे ओढला जातो आणि कंबर डुलते. दुकानात १६५ किंवा १६० मागा. शिमानो कंपनीच्या १०५ या गिअरच्या संचामध्ये १६० येते, ‘कंपनी बनवतच नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

एक गोष्ट मेसेजने अर्धी बरोबर सांगितली आहे, ती नाकारत नाही. लहान फ्रेमवर ७०० सीचं, म्हणजे रोडबाईकचं नेहमीचं, चाक असेल तर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. लागतं. पण ते अगदी हळू, तीव्र वळणावर. वेगात हँडल तेवढं वळतच नाही. त्यासाठी मोठी फ्रेम घेणं हा इलाज नाही. आखूड क्रँकने टोक थोडं मागे येतं. त्याहून सरळ उपाय म्हणजे लहान चाक. जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये कंपनी सुरू केली तेव्हा बुटक्या बायकांच्या सायकलला पुढे २४ इंची चाक दिलं. आज काही कंपन्या सर्वांत लहान साइजला ६५० बी चाकं देतात. त्या रिमचं माप ५८४ मिमी, ७०० सीचं ६२२. टायर मिळणार नाही ही भीती ६५० सीच्या, म्हणजे ५७१ च्या बाबतीत खरी आहे. ६५० बीची रिम २७.५ इंची एमटीबीचीच (डोंगरी सायकलचीच), ट्यूब कुठेही मिळते. रस्त्याचा गुळगुळीत टायर मात्र मागवावा लागेल.

दुकानात सर्वांत लहान साइज नसते, मागवावी लागते. त्यामुळे समोर उभी असलेली ५२ ‘बसेल हो ताई’ म्हणून दाखवली जाते. कंपनीचा स्टॅक-रीचचा तक्ता मोबाइलवर उघडा, तुम्हाला बसणारी साइज लिहून ऑर्डर द्या, आणि बिलावर साइज छापून घ्या.