बाहेरून उद्योग आणायचेत? या, बसा, सांगतो

समजा उद्या तुमची नेमणूक झाली, शेतीमालावर चालणारे उद्योग बाहेरून सोलापूर जिल्ह्यात आणायच्या कमिटीवर. घाबरू नका. शेतीतलं काही कळलं पाहिजे अशी अट नसते, उलट ज्याला कळतं तो मीटिंगमध्ये नको ते प्रश्न विचारतो म्हणून त्याला घेतच नाहीत.

सगळ्यात आधी हॉल बुक करा. गुंतवणूकदारांची परिषद मे महिन्यात ठेवू नका, पाहुणा गाडीतून उतरला की ४३ डिग्रीत तिथंच त्याचा गुंतवणुकीचा विचार वितळतो. जानेवारीत ठेवा, गड्ड्याची यात्रा असते, हुरडा असतो, शेंगाचटणी असते, माणूस खाऊन पिऊन खूश होतो आणि खूश माणूस एमओयूवर, म्हणजे सामंजस्य करारावर, सही करतो. सही म्हणजे कारखाना नव्हे हे त्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही, पण फोटो दोघांनाही लागतो. सत्काराला शाल नको, सोलापुरी चादर द्या. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, वजनदार आहे, फोटोत भरून दिसते. पाहुणे बॅगेत मावत नाही म्हणून हॉटेलवरच सोडून जातात, तीच पुढच्या सत्काराला चालते.

आता पाहुणा येणार कसा? विमानानं की ओ! विमानाचं आपलं सविस्तर सांगायला पाहिजे. उद्योग यावेत म्हणून विमान पाहिजे होतं, आणि विमानाला आडवी येत होती ती होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी, म्हणजे हजारो शेतकरी सभासद असलेला जो उद्योग आधीच इथं होता त्याचीच. १५ जून २०२३ ला ती पाडली. त्यानंतरचं पहिलं विमान जून २०२५ मध्ये सुटलं ते गोव्याला. बाहेरचा उद्योजक इकडं येईल तेव्हा येईल, आपली माणसं तिकडं जाऊन आली पण. हे प्रेझेंटेशनमध्ये ‘कनेक्टिव्हिटी’ या हेडिंगखाली टाका, चिमणीचं टाकू नका.

पाण्याची स्लाइड जपून करा. उजनी ११७ टीएमसी असं मोठ्या अक्षरात लिहा आणि तिथंच थांबा. त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठा आहे, उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जातं, हे पाहुण्याला ‘मायनस टक्के पाणी’ म्हणजे काय हे समजावून सांगता सांगता संध्याकाळ होईल. पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर पडतो आणि तरी जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत, हे ऐकून एखादा हुशार पाहुणा भुवया वर करेल, त्याला लगेच जेवायला न्या. आणि हॉटेलच्या नळाला पाणी कितव्या दिवशी येतं हे त्याला वेटरकडून कळू देऊ नका.

कच्चा माल मात्र बिनधास्त दाखवा, त्यात आपल्याला तोड नाही. डाळिंब सांगोला-पंढरपूर-मंगळवेढ्याचं, जीआयवालं, शिवाय केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. बागेत तेल्या आणि मर हे रोग आलेले असतील तर पाहुण्याला त्या बाजूनं नेऊ नका, रस्ताही तसा खराबच असतो, कारण मिळतं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातून थेट बंगालमधल्या शालिमारला सुटली होती, पंतप्रधानांनी झेंडा दाखवलेला, तो फोटो टाका. गाडी आता कुठाय असं विचारलं तर चहा सांगा. कांद्याचं तर सांगायलाच नको, माल एवढा स्वस्त की फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. गुंतवणूकदाराला अजून काय पाहिजे? लाल गालिचा घालायचा खर्चसुद्धा वाचला.

ज्वारीबद्दल बोलताना आवाज थोडा कमी ठेवा. मालदांडी आपली, मोहोळच्या केंद्रात निवडलेली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआयपण आहे. म्हणूनच २०२३ च्या राज्याच्या बजेटमध्ये श्री अन्न केंद्र, म्हणजे ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांचं केंद्र, सोलापूरला जाहीर झालं, आणि त्याच वर्षी ते बारामतीला हलवायचा निर्णय निघाला. मग गावभर बोंबाबोंब. म्हणजे उद्योग-संस्था एका जागेवरून दुसऱ्या जागी कशा हलवतात याचं ट्रेनिंग पाहिजे असेल तर पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, आपल्याला अनुभव आहे, फक्त दिशा उलटी आहे.

आता एक घरचं सांगतो. आमच्या मेहुण्याची सांगोल्याकडं बाग आहे. तडकलेला, डागी माल व्यापारी ढुंकून बघत नाही, फेकायच्या भावात जातो, तर त्याच्या डोक्यात आलं की दाणे काढून, फ्रीज करून पॅकिंगमध्ये विकावेत. छोटं युनिट, पाच-सहा बाया कामाला. केंद्राची स्कीम आहे, ३५ टक्के सबसिडी आहे, पोरगं उत्साहात. मग सुरू झालं. सातबाऱ्यावर वारसनोंद करून आणा, ना हरकत आणा, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) ओव्हरलोड आहे नवीन मिळणार नाही, मिळाली तर पोलचा खर्च तुमचा, बँक म्हणती आधी वीज दाखवा, वीजवाले म्हणतात आधी बँकेचं पत्र दाखवा. एका ऑफिसात सलग तीन वेळा गेला तर तिन्ही वेळा साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा त्यानं शिपायाला विचारलं, मामा मीटिंग तरी कसलीय ओ एवढी? तर शिपाई म्हणाला, जिल्ह्यात बाहेरून प्रक्रिया उद्योग कसे आणायचे त्याची.

मेहुणा मला फोन करून म्हणाला, दाजी, मी काय करू आता, मशीनला ॲडव्हान्स दिलाय.

मी त्याला दिलेला सल्ला तुम्हालाही देतो, तुमच्याही गावात असा एखादा असेलच. सकाळची पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, तशी ती आपल्या पोरांनीच भरलेली असते त्यामुळं ओळखीचे भेटतील. हडपसरला एखाद्या मित्राच्या फ्लॅटचा पत्ता घ्यायचा. त्या पत्त्याचं व्हिजिटिंग कार्ड छापायचं, नावापुढं ‘ॲग्रो व्हेंचर्स’ असलं काहीतरी. संध्याकाळच्या हुतात्मानं परत यायचं आणि पुढच्या परिषदेत पुण्याचा गुंतवणूकदार म्हणून पहिल्या रांगेत बसायचं. मग बघा, डीपी पण मिळती, प्लॉट पण मिळतो, साहेब स्वतः खाली गाडीपर्यंत सोडायला येतात. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. बोलताना तोंडातून आपलं सोलापुरी ‘बे’ जाऊ द्यायचं नाही, आणि जेवताना ताटात आपली कडक भाकरी आली की ती उलटीसुलटी करून विचारायचं, हे काय असतं?