प्रीट्रीटमेंट म्हणजे ‘बिल फुगवायचा धंदा’? एका प्रतिक्रियेला उत्तर

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या आरओ प्लांटवर मी लिहिलेल्या पोस्टखाली एक भलीमोठी प्रतिक्रिया आलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख म्हणजे कंपनीचं ब्रोशर आहे, लेखकाने प्लांटचं गेट तरी बघितलंय का याची शंका वाटते, वीज आणि ब्राइनचा (गोडं पाणी काढल्यावर उरणाऱ्या खारट पाण्याचा) विषय शिताफीने टाळलाय, बोरॉनचं नावही नाही, आणि “मेम्ब्रेन मीठ अडवते तर गाळ अडवायला तिला काय धाड भरलीय, प्रीट्रीटमेंट म्हणजे निव्वळ बिल फुगवायचा धंदा”. (मेम्ब्रेन म्हणजे मीठ अडवणारा पातळ पडदा, आणि प्रीट्रीटमेंट म्हणजे पाणी तिच्यापर्यंत जाण्याआधी त्यातला गाळ-जंतू काढणं.)

आधी भाषेबद्दल. वाद घाला, जरूर घाला, पण ‘ब्रोशर’ म्हणजे मी पैसे घेऊन लिहितो असंच ना? मग तसं सरळ म्हणा की. वर टोपणनाव आणि खाली आव कुलगुरूंचा, हे काही झेपत नाही बुवा. आणि गेटचं म्हणाल तर माझ्या नोकरीची सुरुवातच इनटेकच्या, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेतात तिथल्या, स्क्रीनवर अडकलेले जेलीफिश ओढून काढण्यात गेलीय. हातमोजे घालूनसुद्धा मनगटं चुरचुरायची. ते कुठल्या ब्रोशरात छापतात?

बोरॉनवर एक ओळ यायला हवी होती, मान्य. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला साडेचार-पाच मिलिग्रॅम असतं आणि मेम्ब्रेनमधून मिठापेक्षा सहज निसटतं, म्हणून काही ठिकाणी पीएच वाढवून पाणी मेम्ब्रेनमधून दुसऱ्यांदा काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मर्यादा लिटरला २.४ मिलिग्रॅमवर नेली, तेव्हापासून पिण्याच्या पाण्यापुरता हा प्रश्न बराच सैल झालाय. पण एक ओळ राहिली म्हणून अख्खा लेख विकाऊ?

आता ते धाड भरण्याचं. अहो, मेम्ब्रेन गाळ अडवते, कोण नाही म्हणतंय! अडवते म्हणूनच तर पंचाईत. वाळूचा फिल्टर तुंबला की उलटं पाणी मारून धुता येतो, यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशनची बारीक गाळणी) सुद्धा तशीच बॅकवॉश होते. पण आरओची मेम्ब्रेन म्हणजे पातळ शीट, मध्ये जाळी, तीन कडा चिकटवून मधल्या नळीभोवती गुंडाळलेलं भेंडोळं, त्यात उलटीकडून जोर लावला तर शीटच फाटते. म्हणजे आत गेलेला चिखल केमिकलनेच सोडवायचा, तोही सुटला तर. बरं, क्लोरीन मारून सगळं मारून टाकू म्हणाल, तर मेम्ब्रेन ज्याची असते त्या पॉलिअमाइडला क्लोरीन चालत नाही, आधी बायसल्फाइट नावाचं केमिकल घालून तो काढावा लागतो, आणि क्लोरीन गेला की उरलेसुरले जंतू पुढे जाऊन मेम्ब्रेनवरच संसार थाटतात.

पाणी मेम्ब्रेन किती तुंबवेल याची प्लांटवर एक साधी टेस्ट असते, एसडीआय (सिल्ट डेन्सिटी इंडेक्स). ०.४५ मायक्रॉनच्या गोल पॅडमधून ३० पीएसआय प्रेशरने पाणी सोडायचं, पहिलं ५०० मिली भरायला किती सेकंद लागले आणि पंधरा मिनिटांनी तेवढंच भरायला किती, यावरून आकडा काढायचा. पाचच्या वर गेला तर मेम्ब्रेनवाले वॉरंटीचं नाव काढू देत नाहीत, तीनच्या आत असेल तर झोप लागते. नाइट शिफ्टला मी हे पॅड चिमट्याने काढून लॉगबुकात चिकटवायचो. चांगल्या दिवशी नुसती पिवळट झाक, वाईट दिवशी तपकिरी, बोटाला बुळबुळीत आणि वास माशाचा. एका प्लांटवर (नाव सांगणार नाही) मॅनेजरसाहेबांना अगदी तुमच्यासारखंच वाटायचं, प्रीट्रीटमेंटचं केमिकल वाचवा म्हणाले. काही महिन्यांनी व्हेसलमधलं (मेम्ब्रेनची भेंडोळी बसवतात त्या नळकांड्यातलं) पहिलं एलिमेंट, म्हणजे पहिलं भेंडोळं, बाहेर काढलं तर दोघांना उचलेना, कापून उघडलं तर शीटवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर! बिल कुणाचं फुगलं मग?

माझ्यावर विश्वास नसेल तर राहू द्या. फ्लोरिडातल्या टँपा बेचं बघा. २००३ च्या सुमारास सुरू झालेला दिवसाला अडीच कोटी गॅलनचा प्लांट, प्रीट्रीटमेंट कमी पडली, त्यात हिरव्या शिंपल्यांचा उच्छाद, मेम्ब्रेन तुंबत राहिल्या आणि सगळी पुढची बाजू नव्याने करून तो धड चालायला २००७-०८ उजाडलं. २००८-०९ ला आपल्याकडच्या अरबी आखातात रेड टाइड (समुद्रात शेवाळाची लाट) आली तेव्हा तर तिथले चालू प्लांट बंद ठेवावे लागले होते. तिथे मीठ तेवढंच होतं साहेब, वाढली होती ती शेवाळं.

विजेचा आकडा पोस्टमध्ये आहे, वाचला असतात तर दिसला असता. हजार लिटरला साधारण तीन ते चार युनिट अख्ख्या प्लांटचे धरून, आणि निम्मं पाणी गोडं करून काढायचं तर निसर्गनियमानेच एक युनिटच्या आसपास लागतं, त्याखाली कुणाचा बापही जाऊ शकत नाही. ब्राइन जवळपास दुप्पट खारट असतं, डिफ्यूजरच्या तोट्यांमधून समुद्रात पसरवून सोडतात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थला २००६ पासून तसंच चाललंय. तो स्वतंत्र पोस्टचा विषय आहे, इथे कमेंटमध्ये उरकण्यातला नाही, आणि मी ‘टाळतोय’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणावं.

एसडीआयबद्दल खरंच काही विचारायचं असेल तर विचारा, उत्तर देईन. ‘ब्रोशर’ परत दिसलं तर मात्र कमेंट उडवणार.