चंद्र उगवेपर्यंत हिच्या वाटेला जाऊ नका

आज ऑफिसात साडेअकराला मी एका ज्युनिअरवर खेकसले. चूक त्याचीच होती, पण माझा आवाज जरा जास्तच चढला. शेजारच्या टेबलावरचे साहेब हसत म्हणाले, "आज संकष्टी ना, मॅडमशी जपून." सगळे हसले. मीही हसले. त्याचा राग आत्ता रात्री पावणेदहाला येतोय, म्हणून लिहितेय.

माझा उपास नव्हता हो. सकाळी सहाला चहा आणि दोन मारी बिस्किटं, मग तीन डबे भरले. त्यातला तिसरा माझा, तो दीडला उघडतो.

हे जपून राहणं मी लहानपणापासून ऐकतेय. बाबा म्हणायचे, "चंद्र उगवेपर्यंत हिच्या वाटेला जाऊ नका." आईची शाळेतली नोकरी, पाच माणसांचा स्वयंपाक आणि संकष्टीला दिवसभर नुसता गोड चहा. एकदा मी नैवेद्याआधीच मोदकाचं सारण चाखलं, तर तिनं उलथनं भिरकावलं. माझ्याऐवजी पाण्याच्या पिंपाला लागलं. तो पोचा अजून आहे. आणि रात्री वरणभाताचे चार घास पोटात गेले की हीच बाई माझ्या डोक्यात तेल घालायला बसायची. आम्हाला वाटायचं, बाप्पा पावला.

बाप्पा कसला, भात पावला!

रिकाम्या पोटी गोड चहा-बिस्किट घेतलं की साखर भराभर चढते, मागून ती उतरवणारं इन्सुलिन धावतं आणि दोन-तीन तासांत काहीजणींची साखर उतरते. शरीर घाबरतं, अॅड्रेनॅलिन सोडतं. कुत्रं मागे लागल्यावर सुटतं ना, तेच. धडधड, घाम, हातांना कंप आणि समोर जो येईल त्याच्यावर जाळ. पाळीच्या आधी काहीजणींचं इन्सुलिन नेहमीसारखं काम करत नाही, त्यात गोडाची हाव. एवढं सगळं आत चाललेलं असताना बाहेरून निदान काय, तर 'मूड स्विंग'.

साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. खिचडीला थोडाफार आधार दाण्याच्या कुटाचा, आणि नेमका तोच आपण हात आखडून घालतो. त्यापेक्षा राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, दाण्याची आमटी. तेही उपासाचंच आहे की!

मान्य, प्रत्येक राग साखरेचा नसतो. थायरॉईड असतो, रक्त कमी असतं आणि काही राग तर शंभर टक्के समोरच्या माणसामुळेच असतो. निरोगी शरीर यकृतातल्या साठ्यावर साखर सावरूनही धरतं, हेही खरं. पण म्हणून बाईनं सगळ्यांना वाढून झाल्यावर अडीचला पातेल्यातलं खरवडून खायचं, आणि तोवर आवाजही गोड ठेवायचा? कुणी ठरवलं हे? (आपणच. मला माहितीये. चिडू नका.)

पिंपाच्या पोच्याकडे मी परवापरवापर्यंत हसून बघायचे. आईला आता डायबेटिस आहे. गेल्या वर्षी एका संकष्टीला तिनं गोळी घेतली आणि जेवलीच नाही. संध्याकाळी सहाला मी पोचले तर ती घामानं थबथबलेली, हात थरथरताहेत आणि माझ्यावर ओरडतेय, "ते मशीन लावू नकोस मला!" बाबा हळूच म्हणाले, "उपास आहे गं तिचा, राहू दे." लावलंच. साखर ५८. सत्तरच्या खाली गेली की कमी धरतात. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, ८९. मग भात भरवला. अर्ध्या तासानं आई मला विचारतेय, "तू जेवलीस का गं?"

बाबा पिंपाशेजारी उभे होते. काही बोलले नाहीत.

ज्यांच्या आया-सासवा डायबेटिसच्या गोळ्या घेऊन उपास करतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. कृपा करा. चंद्र थांबतो, साखर थांबत नाही.

आत्ता आईला फोन केला होता. म्हणाली, सकाळीच बाप्पाची परवानगी काढून दही-थालीपीठ खाल्लं. थालीपीठ बाबांनी लावलं म्हणे. एका बाजूनं करपलं होतं.