‘हुशार आहे, पण आळशी आहे’ हे निदानच चुकीचं आहे

गेल्या पंधरा दिवसांत एकच संदेश मला चार ठिकाणांहून आला. राजेंद्र नगरच्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, आणि दोन आयांकडून, "काकू, अगदी आमच्याच घरचं लिहिलंय हो" असं म्हणत. संदेश लांबलचक आहे. त्याचं सार एवढंच की, दहावीपर्यंत नव्वदच्या वर गुण मिळवणारी मुलं अकरावीत घसरतात ती निव्वळ आळसामुळे. डोकं आहे, इच्छा नाही. उपाय म्हणून मोबाईल काढून घ्या, रोज बारा तास बसवा, एकवीस दिवस कडक शिस्त ठेवा म्हणजे सवय लागेल. मुलगा मन लागत नाही म्हणाला तर शेजारच्या मुलाचं उदाहरण द्या आणि सारखं सांगत राहा, ‘तू हुशार आहेस, मनात आणलंस तर काहीही करशील.’

मी बावीस वर्षं इंदूरमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना घरी गणित आणि फिजिक्स शिकवते आहे. हा संदेश जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर चुकला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तो वाचून रात्री जेवणाच्या ताटावर जे बोललं जातं ते मुलांना गिळावं लागतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी आळसाचं बघू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

मागच्या जुलैत एक मुलगा माझ्याकडे आला. दहावीला ९६ टक्के. अकरावीच्या पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये ३५ पैकी ११. आई म्हणाली, "आळशी झालाय हो, दुसरं काही नाही." मी त्याची वही बघितली. तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेली, प्रत्येक सूत्राभोवती पट्टीने आखलेली चौकट, कुठे खाडाखोड नाही. आळशी मुलाची वही अशी नसते. मी म्हटलं, वही मिट. एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, प्रोजेक्टाइलबद्दल, म्हणजे हवेत फेकलेल्या वस्तूच्या गतीबद्दल, तुला जे जे येतं ते यावर लिही. त्याने रेंजचं, म्हणजे वस्तू किती लांब पडेल याचं सूत्र लिहिलं. मग त्यातला कोन दुप्पट असतो की नुसता, यावर अडला. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कागद खोडरबराने भुरका झाला. दहा मिनिटांनी कागदावर दीड ओळ होती आणि त्याचे कान लाल झाले होते. म्हणाला, "काकू, वाचताना सगळं समजतं. वाचताना काहीच अडत नाही."

आदल्या दिवशी तो चार तास बसला होता. चार तास वाचत होता.

या मुलाला दहावीपर्यंत अभ्यास करावाच लागला नव्हता. वर्गात एकदा ऐकलं की डोक्यात बसायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री एकदा नजर फिरवली की काम व्हायचं. अकरावीत काय होतं ते पुस्तकं समोर ठेवून बघा. एनसीईआरटीच्या फिजिक्समध्ये सरळ रेषेतली गती अगदी सुरुवातीला येते आणि तिथेच वेग म्हणजे स्थानाचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे स्थान बदलण्याचा दर, असं सांगितलं जातं. गणिताच्या पुस्तकात मात्र लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह हे प्रकरण अगदी शेवटाकडे आहे, आणि इंटिग्रेशन तर थेट बारावीत. म्हणजे जे हत्यार हातात नाही ते चालवायला सांगतात. वर्गातल्या सगळ्यांनाच हे जड जातं. फरक असा की मधल्या बाकांवरच्या मुलाला न समजण्याची सवय असते. सहावीपासून त्याची गणितं चुकत आली आहेत. चुकलं की विचारायचं, परत करायचं, शेजारच्याची वही बघून कुठे चुकलं ते शोधायचं, हे सगळं त्याने केलेलं असतं. हुशार मुलाच्या आयुष्यात हा प्रसंग पहिल्यांदा येतो, तोही सोळाव्या वर्षी. आता काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तो एकच अर्थ काढतो, की आपण हुशार नव्हतोच, आतापर्यंत लोकांना तसं वाटलं एवढंच. आणि ज्या पुस्तकामुळे हे रोज आठवतं ते पुस्तक तो उघडेनासा होतो.

बाहेरून हे हुबेहूब आळसासारखं दिसतं. टाळाटाळीवर अभ्यास करणारे फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये हेच मांडलं की, टाळाटाळ हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि त्या कामाने मनात उठणाऱ्या त्रासापासून तात्पुरती सुटका करून घेण्याचा प्रश्न जास्त आहे. ज्याला भीती वाटते आहे त्याला आळशी म्हटलं की भीती वाढते, आणि पुस्तक आणखी लांब जातं.

म्हणूनच ‘तू हुशार आहेस, मनात आणलंस तर करशील’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते प्रेमाने म्हटलं जातं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना सोपी कोडी दिली. मग काहींना सांगितलं, तू हुशार आहेस म्हणून जमलं. काहींना सांगितलं, मेहनत केलीस म्हणून जमलं. त्यानंतर अवघड कोडी दिली, ती कुणालाच धड जमली नाहीत. शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली, तर ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली. दुसऱ्या शाळेतल्या मुलाला आपले गुण कळवायला सांगितले तेव्हा त्यांच्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी ते वाढवून लिहिले. खोटं बोलण्याची गरज त्यांना का पडली असेल याचा विचार करा. नुसते शब्द बदलले म्हणून गुण वाढतात असंही मी म्हणत नाही. बुद्धी मेहनतीने वाढते, या विचाराचा अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर झालेला मोठा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात फायदा दिसला पण तो छोटा होता, आणि मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना झाला. कौतुकाची भाषा बदलणं ही सुरुवात आहे. अभ्यास कसा करायचा हे तरीही शिकवावंच लागतं.

माझ्या भाचीला मी लहानपणापासून ‘आमची हुशार बाई’ म्हणत आले. अकरावीत पहिल्यांदा नापास झाली तेव्हा तिने तो पेपर सगळ्यात आधी माझ्यापासून लपवला. मला ते चार महिन्यांनी कळलं. गणित शिकवणारी मावशी घरात असून ती माझ्याकडे आली नाही, याचं कारण मीच होते. त्या दिवसापासून हा शब्द मी कोणत्याही मुलासाठी वापरलेला नाही.

आता बारा तास. बारा तास काय करायचं, हे त्या संदेशात कुठेच नाही. बहुतेक मुलं वाचतात, अधोरेखित करतात, परत वाचतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. एका आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास कुणाला होता? वाचणाऱ्यांना. ‘वाचताना सगळं समजतं’ हे त्या मुलाचं वाक्य मला इथे आठवतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

म्हणून माझ्याकडे नियम आहे: धडा एकदा नीट वाचायचा, वही मिटायची, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग वही उघडून जे सुटलं ते दुसऱ्या रंगाने भरायचं. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. चाळीस मिनिटांत मुलं थकतात, कारण हे खरं काम आहे. असं दिवसाला तीन तास झाले तरी पुष्कळ आहे.

आणि बारा तास आणायचे कुठून? शाळा, मग भंवरकुआँ नाहीतर गीता भवनचा कोचिंग क्लास, येण्याजाण्याचा वेळ, हे धरल्यावर बारा तास फक्त झोपेतूनच निघतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेच्या डॉक्टरांची अमेरिकी संस्था सांगते. या वयात शरीराचं घड्याळही पुढे सरकतं, झोप उशिरा येते, त्यामुळे पहाटे चारला उठवलेलं मूल अर्ध्या झोपेत पान उलटत असतं. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी, असं लिहिलं आहे. क्लासवाल्यांना सरकार जे सांगतं आहे ते घरात तरी आपण पाळू या.

एकवीस दिवसांचा आकडा कुठून आला? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की, नवा चेहरा किंवा तुटलेला अवयव यांची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी एकवीस दिवस लागतात. त्यातलं ‘कमीत कमी’ गळलं, रुग्ण गळले, आणि उरलेला आकडा आपल्या मुलांच्या डोक्यावर येऊन पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज ठरलेल्या वेळी एक छोटी गोष्ट करायला लावून मोजलं, तेव्हा ती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नव्हती. आपल्याकडे मात्र बाविसाव्या दिवशी मूल पुन्हा टाळतं आणि आई-बाबा म्हणतात, बघ, तुझ्याच्याने हेही झालं नाही. सवय लावायचीच असेल तर ती आधीच्या पक्क्या सवयीला बांधा. आमच्याकडच्या एका मुलीने रविवारचे पोहे झाले की तिथेच डायनिंग टेबलावर बसून एक गणित, एवढंच ठरवलं होतं. एकच गणित. मार्चपर्यंत ती आपणहून रोज बसू लागली होती.

मोबाईलच्या बाबतीत संदेशाचं थोडं बरोबर आहे. अभ्यासाची चाळीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत असावा, आणि आई-बाबांचाही असावा. पण भीतीवर औषध न देता फोन काढला तर मूल भिंतीकडे बघत बसतं. जुलैत आलेल्या त्या मुलाचा फोन ऑगस्टमध्ये कपाटात गेला होता. तो महिनाभर वहीच्या समासात चौकटी काढत होता. शिवाय क्लासची लेक्चरं, टेस्ट, डाउट सगळं त्याच फोनवर येतं, तेही बंद झालं.

शेजारच्या मुलाच्या उदाहरणाबद्दल मला फार लिहायचं नाही. भंवरकुआँच्या चौकात उतरलं की रँक आलेल्या मुलांचे फोटो प्रत्येक इमारतीवर आहेत. आपलं मूल ते रोज दोनदा बघतं. घरी तरी ते नको.

‘मन लागत नाही’ हे मात्र ऐकून घ्या. मन आधी लागतं आणि मग अभ्यास होतो, असा सगळ्यांचा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. एक गणित स्वतःच्या हाताने सुटलं की दुसरं करावंसं वाटतं, म्हणून सुरुवात सुटेल अशाच गणिताने करावी, मग ते नववीचं का असेना. पण हेच वाक्य कधी वेगळंही असतं. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र तुटले, ज्यात जीव होता ते क्रिकेट किंवा तबलाही सुटला, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ वर दिवसरात्र चालू असते, मूल स्वतःही फोन करू शकतं. अशा मुलाला आळशी म्हणत महिने घालवलेली घरं मी पाहिली आहेत.

जुलैतला तो मुलगा अजून ९६ वर पोचलेला नाही. जानेवारीच्या चाचणीत ३५ पैकी २२ मिळाले. त्याचे कोरे कागद त्याची आई आता एका फाइलमध्ये लावून ठेवते. पहिल्या कागदावर दीड ओळ आहे. हल्लीच्या कागदांवर खाली एक रेघ मारलेली असते आणि रेघेखाली न आलेल्या गोष्टी लिहिलेल्या असतात. परवा तो आला, चप्पल दारात काढता काढताच म्हणाला, "काकू, फ्रिक्शनमधलं हे तीन नंबरचं मला अजिबात कळलेलं नाही. आधी हेच घेऊ या?"