६/६ दिसतं म्हणजे पडदा ठीक? नाही हो, असं नसतं

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. तक्त्यावर ६/६ दिसतंय ना, मग डोळ्याचा पडदा (रेटिना) ठीक आहे, स्कॅन नॉर्मल आला की विषय संपला, रेटिनाचे दुर्मिळ आजार आनुवंशिकच असतात आणि त्यांना उपाय नाही म्हणून टेस्टवर पैसे घालवू नका, रात्री कमी दिसत असेल तर सरळ व्हिटॅमिन ए चालू करा, आणि घाई तर अजिबात करू नका. माझं रोजचं कामच पडद्याच्या पेशंटचं आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी ६/६ चं बघू. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे पडद्याच्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार, साधारण ४००० माणसांत एकाला असतो आणि त्यात पडद्याच्या कडेच्या, अंधारात बघायला लागणाऱ्या रॉड पेशी आधी जातात, मधलं दिसणं कित्येक वर्षं शाबूत राहतं. असा पेशंट तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचतो आणि खुर्चीतून उठून निघताना बाजूच्या स्टुलाला धडकतो. म्हणून अंधारात कसं दिसतं हे विचारायचं, ड्रॉप टाकून बाहुली मोठी करून कडेपर्यंत पडदा बघायचा, फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी करायची. तक्त्यावर यातलं काहीच कळत नाही.

स्कॅनचंही तसंच. ओसीटी नावाचा स्कॅन पडद्याचे थर दाखवतो आणि तेही बहुतेक वेळा मधल्या भागाचे, पेशी काम करतायत की नाही ते ईआरजीत, म्हणजे पडद्याचे विजेचे संकेत मोजणाऱ्या टेस्टमध्ये कळतं. अझूर नावाचा आजार आहे, त्यात फील्डचा मोठा तुकडा गेलेला असतो आणि पडदा सुरुवातीला जवळजवळ नॉर्मल दिसतो. स्टारगार्ट, म्हणजे मधली नजर कमी करणारा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांचं तर फार वाईट वाटतं मला, सुरुवातीला पडद्यावर फारसं काही दिसत नाही म्हणून पोरगं नाटक करतंय असं सांगून घरी पाठवलेली मुलं असतात.

आणि स्कॅन असला तरी तो नीट वाचायला लागतो. मॅक्टेल टाइप २ या पडद्याच्या मधल्या भागाच्या आजारात पडद्याच्या आतल्या थरांत काळ्या पोकळ्या दिसतात, घाईत बघणाऱ्याला ते पाणी साठल्यासारखं वाटतं, पण पडदा सुजलेला नसतो, उलट बऱ्याचदा पातळ झालेला असतो. त्याला डायबेटिसची सूज समजून इंजेक्शनं सुरू केली तर, नवीन रक्तवाहिन्या आलेल्या नसताना, त्यांचा नजरेला काही फायदा होत नाही.

आता उपाय नाही म्हणतात त्याबद्दल. रेटिनायटिस पिगमेंटोसा मुळापासून बरा होत नाही हे खरं आहे, पण त्यात मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला सूज आली तर डॉर्झोलामाइडच्या थेंबांनी बऱ्याच जणांची कमी होते, मोतीबिंदू झाला तर त्याचं ऑपरेशन होतं. रेफसम आजारात शरीरात फायटॅनिक ॲसिड साठतं आणि पडदा बिघडतो, तिथे आहारातलं फायटॅनिक ॲसिड कमी केलं की फरक पडतो. आरपीई६५ जीनच्या दोन्ही प्रतींत दोष असेल तर अमेरिकेत २०१७ पासून मंजूर जीन थेरपी आहे, पण ती पडद्यात जिवंत पेशी उरल्या असतील तरच देतात, म्हणजे जीन टेस्ट आधी करावीच लागते ना? मॅक्टेललाही २०२५ मध्ये तिथे एका इम्प्लांटला मंजुरी मिळाली, त्याने आजाराचा वेग कमी होतो. नाव कळल्याशिवाय यातलं काय कुणाला द्यायचं ते ठरणार कसं?

व्हिटॅमिन ए वर मात्र मला खरंच राग येतो. शरीरात त्याची कमतरता असेल, चरबी शोषली जात नसेल, तर रातांधळेपणावर तेच औषध आहे. पण एबीसीए४ जीनच्या दोषामुळे होणाऱ्या स्टारगार्टमध्ये व्हिटॅमिन ए पासूनच बनलेला कचरा पडद्यात साठतो, म्हणून तिथे जादा गोळ्या टाळायला सांगतात. शिवाय मोठ्या डोसने लिव्हरला त्रास होतो आणि गरोदरपणात बाळात व्यंग येऊ शकतं, त्यामुळे मेसेज वाचून गोळ्या सुरू करणं धोक्याचंच.

राहिली घाई. सगळे दुर्मिळ आजार आनुवंशिक नसतात आणि सगळे हळूहळूही वाढत नाहीत. अक्यूट रेटिनल नेक्रोसिस नागिणीच्या किंवा हर्पीसच्या व्हायरसने होतो, डोळा लाल, दुखरा, समोर काळे ठिपके, धूसर दिसणं, वरवर साधी युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूजच वाटते. बाहुली मोठी करून कडा न बघता नुसतं स्टेरॉइड दिलं तर आजार बळावतो, थोड्या दिवसांत पडद्याच्या पेशी मरत जातात आणि पुढे पडदा सुटूही शकतो. इथे व्हायरस शोधणाऱ्या पीसीआर टेस्टचा रिपोर्ट यायची वाट न बघता, संशय आला की त्याच दिवशी अँटिव्हायरल सुरू करतात.