प्रल्हाद शिंदे आणि आपल्या ‘सुवर्णकाळा’ची यादी

मराठी गाण्यांच्या सुवर्णकाळाचे कार्यक्रम नाशकात सारखे होत असतात. निवेदक, मंद दिवे, मध्यंतरात बटाटेवडा. दोन-अडीच तासांत भावगीतं होतात, नाट्यगीतं होतात, लावणी चवीपुरती एखादी. कव्वाली, भक्तिगीतं आणि भीमगीतं गाणारे प्रल्हाद शिंदे काही येत नाहीत. आणि कार्यक्रम संपवून बाहेर पडलात की समोरच्या रिक्षात हमखास तेच लागलेले असतात.

मला हे बरेच दिवस खटकतंय, म्हणून लिहितोय. लांबेल, आधीच सांगतो.

तो आवाज ‘गोड’ नाहीच मुळी. खडा, किंचित नाकातला, वरच्या पट्टीत सुरू होऊन तिथेच मुक्काम ठोकणारा. कव्वालीच्या मंचावर तावून निघालेला गळा. कव्वालीच्या मुकाबल्यात समोर दुसरी पार्टी बसलेली, ढोलकी आणि टाळ्यांचा दणका चालू, गाणं लोकांपर्यंत न्यायला एक कर्णा, आणि सगळ्यात मागे उभ्या असलेल्या माणसाला (त्याला खुर्ची कधीच मिळत नाही) शब्द न् शब्द कळला पाहिजे. तिथे कुजबुजून भागत नाही. भावगीत वाढलं रेडिओच्या आणि रेकॉर्डच्या माइकसमोर, हळुवार, कानाशी. हे गाणं वाढलं मैदानात. एकाच फूटपट्टीने दोन्ही मोजायची आणि मग ‘आवाज जरा रांगडाच आहे हो’ म्हणून मोकळं व्हायचं, हा आपला जुना उद्योग.

‘पाऊले चालती पंढरीची वाट’ इतकं पाठ झालंय की ते आता कोणी नीट ऐकतच नाही. त्यापेक्षा ‘आता तरी देवा मला पावशील का’ लावा. हेडफोन लावून, एकटे बसून. सगळा जीव त्या ‘आता तरी’मध्ये आहे. आधी केलेले नवस, घातलेले खेटे, कशाचंच न झालेलं भलं, सगळं त्या दोन शब्दांत येऊन गेलेलं असतं. दुसरा कोणी असता तर इथे रडवेला झाला असता, आवाज कापरा केला असता. शिंदे तसलं काही करत नाहीत. कचेरीत हेलपाटे मारून वैतागलेला माणूस साहेबापुढे उभा राहतो तसे ते देवापुढे उभे असतात. हात जोडलेले, आवाज मात्र चढलेला. नामदेव, जनाबाई, चोखोबा विठ्ठलाशी असेच भांडत आले. अभंग वाचताना आपण त्याला भक्तीची उंची म्हणतो आणि हाच सूर कर्ण्यावरून आला की खिडकी लावून घेतो.

आता जरा अवघड जागेकडे येतो. नाशिककरांना तरी ती टाळता येणार नाही.

२ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला. दार उघडलं नाही. पुढे आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची ती घोषणा झाली आणि १९५६ ला नागपूरची बौद्ध धम्माची दीक्षा. त्या चळवळीच्या समाजातून आलेला हा गायक भीमगीतंही गातो आणि विठ्ठल, गणपती, अंबाबाईही गातो. १४ एप्रिलला मिरवणुकीत हा आवाज असतो, गणपतीत मंडळापुढेही हाच. ‘तूच सुखकर्ता’ लिहिणारे हरेंद्र जाधव आपल्या ओझरचे, आणि भीमगीतांतही तेवढंच मोठं नाव. मंडळातल्या किती पोरांना हे ठाऊक असेल?

गंमत म्हणजे दोन्हीकडच्या काही जणांना त्यांच्या अर्ध्या गाण्यांची अडचण वाटते. एकाला भीमगीतं नको असतात, दुसऱ्याला सत्यनारायण. ‘पोटासाठी गायले हो’ असंही ऐकून घ्यावं लागतं. गायले असतील! पोटासाठी कोण गात नाही? पण पोटासाठी गाणारा माणूस कुठेतरी हात राखून गातो, एखादं कडवं उरकतो. शिंदेंचं असं उरकलेलं गाणं मला तरी सापडलेलं नाही. भीमगीतात जो जोर, तोच विठ्ठलाच्या दारात. माझ्यापुरता हिशोब इथेच मिटतो. ज्या देवळाचं दार उघडलं नाही, त्या देवाला याच समाजातला माणूस इतक्या हक्काने जाब विचारतो, हे मला फार मोठं वाटतं. कोणाला ती तडजोड वाटत असेल तर वाटो, कमेंटमध्ये भांडू.

शिंदे २००४ ला गेले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, भीमगीतांचे शाहीर वामनदादा कर्डकही त्याच वर्षी गेले. कॅसेटी गेल्या, टेप गेले, शिंदे मोबाइलवर आले. आनंद आणि मिलिंद यांनी घरचा गळा पुढे नेला, नातू आदर्श तर सिनेमात गाजला. आदर्शचा गळा तयार आहे, स्वच्छ आहे, मला आवडतोही. पण आजोबांच्या आवाजातली ती खरखर स्टुडिओत धुऊन निघते. तो त्याचा दोष नाही, आजच्या रेकॉर्डिंगला ती खरखर चालतच नाही.

तर आयोजक मंडळींना विनंती, पुढच्या कार्यक्रमात त्यांची दोन गाणी घ्या. मात्र कृपा करून व्हायोलिन लावून मवाळ करू नका. ढोलकी घ्या, पट्टी खाली उतरवू नका, आणि त्या पट्टीत गाणारा सापडत नसेल तर सातपूर-अंबडकडच्या भजनी मंडळांत विचारून बघा.

आणि एक काम तुमच्याकडे. घरात माळ्यावर कव्वालीच्या मुकाबल्याची जुनी कॅसेट पडली असेल, शिंदेंची किंवा त्यांच्या बरोबरीच्या कोणत्याही पार्टीची, तर फेकू नका. बुरशी लागलेली असली तरी चालेल. इनबॉक्समध्ये कळवा, माझ्याकडे टेप चालू आहे, उतरवून देतो.