‘फॉर्मवर शुगर लिहू नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘आरोग्य विमा घेण्याआधी हे वाचा, एजंट सांगणार नाही’ असा मथळा आणि खाली पाच मुद्दे. आयुष्मान कार्ड असेल तर विमा घेऊच नका. घेतलाच तर बीपी-शुगर फॉर्मवर लिहू नका, 3 वर्षांनी सगळं आपोआप कव्हर होतं. साठीनंतर कोणी पॉलिसी देत नाही. कंपन्या क्लेम देतच नाहीत. आणि आजारी पडलो नाही तर हप्ता पाण्यात.

असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण दारव्ह्याहून मामांचा फोन आला. मामांची पिठाची गिरणी आहे, साठी उलटली आहे, शुगरची गोळी रोज दोन वेळा सुरू आहे. पेन्शन नाही, कोणत्या कंपनीचा ग्रुप विमा नाही. गिरणी बंद तर कमाई बंद. त्यांच्यासाठी पॉलिसी बघायचं काम माझ्याकडे होतं. म्हणाले, “काऊन रे बाप्पा, यात तं शुगर लिहू नका म्हणते. एजंट बी तेच म्हणते. तू काऊन लिहाले सांगतं?”

म्हणून दुसरा मुद्दा आधी घेतो. बाकीचे चार चुकीचे किंवा अर्धे खरे आहेत, हा घातक आहे.

लिहिणाऱ्यानं दोन वेगळ्या मुदती एकात एक कालवल्यात. 3 वर्षांची मुदत खरी आहे. विमा नियामक आयआरडीएआयनं 1 एप्रिल 2024 पासून आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आणला. पूर्वी तो 48 महिन्यांपर्यंत असायचा. पण ही मुदत फॉर्मवर सांगितलेल्या आजाराची आहे. दडवलेल्या आजाराचा हिशेब वेगळा, तिथे सलग 60 महिने मोजतात. तोवर कंपनी ‘माहिती लपवली’ या कारणावर क्लेम नाकारू शकते आणि पॉलिसीही रद्द करू शकते. 60 महिन्यांनंतर ते कारण चालत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही संरक्षण नाही. रोज गोळी घेणारा माणूस ‘मला शुगर नाही’ असं लिहून सही करतो, त्याला फसवणूक ठरवणं किती अवघड असेल?

“त्यायले कसं माहीत पडन?” मामांनी विचारलं. हाच प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून नीट सांगतो. रात्री छातीत दुखायला लागलं, गाडी करून यवतमाळला किंवा सावंगीला नेलं. तिथला डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, शुगर आहे का, किती वर्षांपासून? मामी घाबरलेली असणार, ती खरं तेच सांगणार: आठ-दहा वर्षं झाली. डॉक्टर केसपेपरवर लिहितो, ‘के/सी/ओ डीएम, 10 वर्षं’, म्हणजे दहा वर्षांपासून शुगरचा पेशंट. त्याला लिहावंच लागतं, पुढची औषधं त्यावर ठरतात. कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीनं परस्पर दवाखान्याला भरावं यासाठीच्या, अर्जासोबत कंपनी हेच कागद मागते. पॉलिसी दोन वर्षांची, शुगर दहा वर्षांची आणि फॉर्मवर ‘नाही’. पुढं काय होतं ते सांगायला नको. मेसेज पाठवणारा तेव्हा दवाखान्याच्या काउंटरवर पैसे भरायला येत नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे फॉर्म आपण भरतच नाही. एजंट मोबाइलवर भरतो, आजारांच्या पूर्ण रकान्यात एकामागून एक ‘नाही’ दाबत जातो आणि शेवटी म्हणतो, काका, ओटीपी सांगा. ओटीपी सांगितला की ती आपली सही झाली. पॉलिसीच्या कागदांत त्या फॉर्मची प्रत असते, ती घरातल्या शिकलेल्या पोराला वाचायला लावा. काही चुकीचं लिहिलं असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते; थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. शुगर लिहिल्यानं हप्ता वाढेल, वाढू द्या. जास्तीचा हप्ता मामा भरू शकतात, बायपासचं बिल नाही.

आयुष्मान कार्डाचं म्हणणं अर्धं खरं आहे. कार्ड आधी काढा, हे मीही सांगतो. 70 च्या वरच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून वर्षाला 5 लाखांचं कव्हर मिळतं. आपल्या राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची होती, सोबत यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा अशा जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डचे शेतकरी. 2023 च्या शासन निर्णयानं ती सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू केली आणि कव्हर दीड लाखावरून 5 लाख झालं. जुना आजारही पहिल्या दिवसापासून चालतो. फार मोलाची योजना आहे. पण ती यादीतल्या उपचारांना आणि योजनेत असलेल्या दवाखान्यांतच चालते. जवळचा दवाखाना योजनेत नसेल किंवा उपचार यादीत नसेल तर खिशातूनच जातात. 155388 वर फोन करून आपल्या भागातले दवाखाने विचारून ठेवा. ज्याची ऐपत अजिबात नाही त्यानं फक्त कार्डावर राहावं, त्यात काही गैर नाही. ज्याला हप्ता झेपतो त्यानं दोन्ही ठेवावं.

साठीनंतर पॉलिसी मिळत नाही हे जुनं झालं. वयाची 65 ची अट 2024 मध्ये निघाली. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला जानेवारी 2025 पासून आधी नियामकाशी बोलावं लागतं. वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. तपासणीनंतर कंपनी नाही म्हणू शकते, हे खरं. मग दुसऱ्या कंपनीकडे जा.

क्लेम देतच नाहीत? नियामकाच्या वार्षिक अहवालात 2023-24 चा आकडा आहे: 100 पैकी साधारण 83 क्लेमचे पैसे दिले, 11 नाकारले, बाकीचे प्रलंबित. पूर्ण बिल मात्र कित्येकदा मिळत नाही, हे कबूल करावं लागतं. 3 लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडं 1 टक्का, म्हणजे रोजचे 3,000, आणि आपण 6,000 ची खोली घेतली तर फक्त भाडंच नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च असं बरंच काही त्याच प्रमाणात कापतात. घेतानाच खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा, विचारा. क्लेम चुकीनं नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथं फी नाही.

हप्ता पाण्यात जातो म्हणणाऱ्यांनी सेवाग्रामला जाऊन विचारावं. कस्तुरबा रुग्णालयाच्या आजूबाजूच्या गावांत लोक सुगीला ज्वारी जमा करून उपचाराची सोय करत. ज्याला त्या वर्षी दवाखाना लागला नाही त्यानं ज्वारी परत मागितली नाही.

आता, या मेसेजवर विसंबून ज्यांनी आधीच बीपी-शुगर दडवली आहे त्यांच्यासाठी. क्लेमची वेळ यायच्या आत कंपनीला लेखी कळवा: अमुक आजार आहे, अमुक वर्षापासून आहे, फॉर्ममध्ये राहून गेला. कंपनी हप्ता वाढवेल, प्रतीक्षा काळ लावेल, क्वचित पॉलिसी रद्दही करेल. पॉलिसी रद्द झाली तरी आज तब्येत धड आहे, दुसरी शोधायला वेळ आहे. एजंटच्या ‘मी सांगतो ऑफिसला’ यावर राहू नका. ईमेल करा, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवून पोच पॉलिसीच्या कागदांसोबत ठेवा.